न फुटलेले दिवे

"ताई, फुटलेला दिवा जळतोय."

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा ताई खुर्चीत बसून गरम पाण्याच्या नव्या पिशवीनं गुडघे शेकत होती. वर्षअखेरीची कामं कशीबशी उरकली होती. हिशेब तपासणं हा तिचा धंदा. दुसऱ्यांच्या जमाखर्चात डोकं घालून घालून तिला आता कुणाचंच काही बघावंसं वाटत नव्हतं, भावाचं तर अजिबात नाही.

"सकाळी सकाळी कोडी घालू नकोस. सरळ सांग."

भाऊ सरळ सांगू लागला. त्याचं ऑनलाइन दुकान होतं. काचेच्या टोपीचे, टेबलावर ठेवायचे दिवे तो विकायचा. काल संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर फोन वाजला म्हणून त्यानंच उचलला. पलीकडे एक बाई होत्या. मागे घेतलेला दिवा फार आवडला, तसाच आणखी एक बहिणीला द्यायचाय, असं म्हणत होत्या. भावानं खुशीत त्यांची जुनी ऑर्डर काढली आणि त्याची खुशी जागच्या जागी मावळली. ऑर्डरीपुढे नोंद होती: दिवा वाटेत फुटला, ग्राहकाला पैसे परत.

"मी म्हटलं, बाई, तुमचा दिवा फुटला होता ना? तर म्हणाल्या, अहो, त्याच्याच उजेडात बसून बोलतेय मी तुमच्याशी."

"पैसे परत मिळाले होते का त्यांना?"

"कसले पैसे, म्हणाल्या. मग मी आणखी सात-आठ जणांना फोन लावले. बहुतेकांचे दिवे धडधाकट आहेत, ताई. वर्षभर चाललंय हे. आणि कुणी केलंय ते मला माहीत आहे. परताव्याच्या नोंदी एकच माणूस करतं. आपली चिमणी."

चिमणी म्हणजे दुकानात परतावे लिहिणारी मुलगी. तिचा आवाज इतका बारीक की ग्राहक फोनवर म्हणायचे, घरात कुणी मोठं असेल तर दे. तिचं वय तिशीला टेकलं होतं, पण नाव पडलं ते पडलं.

"उद्या दुपारी मी पोलिसांत जातोय," भाऊ म्हणाला. "तू फक्त कागद नीट लावून दे."

ताईनं फोन ठेवला. समोर तिचा नवरा आरशात बघून डोळ्यांत थेंब घालत होता. त्याला भाऊ 'भाऊजी' म्हणायचा, म्हणून सगळं दुकानच भाऊजी म्हणायचं. कारखान्यातली साहेबाची नोकरी गेल्यापासून भाऊजी मेहुण्याच्या दुकानात ग्राहकांचे फोन घ्यायचे, तेही फुकट. पगार देऊ केला तर त्यांनी हात जोडले होते. वेळ जातो हेच पुष्कळ, म्हणाले होते. घर चालायचं ते ताईच्या कामावर, आणि भाऊजी दोन-तीन कारखान्यांना सल्ला द्यायचे त्याची फी दर महिन्याला यायची त्यावर.

"काय म्हणतो धाकटा?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. थेंब घालायची बाटली हातातच राहिली.

"पोरगी तशी नाही गं," ते म्हणाले. "आणि पोलीस कशाला? दुकानाचं नाव चव्हाट्यावर येईल."

मांजर त्यांच्या पायात घोटाळलं आणि खिडकीखालच्या आपल्या खोक्यात जाऊन गुलाबी कागदाच्या चुऱ्यावर गोल झालं. शेजारच्या टेबलावर भाऊजींनी स्वतः जोडलेला दिवा होता. फुटक्या वस्तू जोडायची त्यांना भारी हौस. टोपीवरची जोडरेघ मध्येच दोन फाटे फुटून खाली गेली होती, पण उजेड छान पडायचा. ताई रोज संध्याकाळी त्याच दिव्याखाली वाचायची.

"चला," ती म्हणाली. "माझे गुडघे जिना चढायला नाही म्हणतील, पण त्यांना विचारतंय कोण?"

*

दुकान म्हणजे दोन मजले. वर कचेरी, खाली गोदाम आणि पॅकिंग. कचेरीचा जिना रस्त्यावरून, गोदामाचं दार मागच्या गल्लीत. वरच्यांना खाली काय चालतं ते ठाऊक नसायचं आणि खालच्यांना वरचं. भावाला हे शिस्तीचं वाटायचं. ताईला पहिल्यापासून हा निव्वळ आळस वाटत आला होता.

भावाची खोली तेवढी वेगळी होती. बाहेरच्या दालनात दोन टेबलं शेजारी शेजारी, एक चिमणीचं आणि एक भाऊजींचं. चिमणी आधीच येऊन बसली होती. डोळे सुजलेले. भावाची सोक्षमोक्ष लावायची घाई तिच्या कानावर सकाळीच गेली होती. भाऊजींनी खुर्चीत बसता बसता खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे सरकवला.

ताई भावाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"परतावा कसा होतो ते मला अडाण्याला सांगितल्यासारखं सांग."

"माल आवडला नाही तर ग्राहक परत पाठवतो. तो खाली मुकादम बघून घेतो. मग चिमणी पैसे परत केल्याची नोंद करते."

"आणि फुटला तर?"

"फुटक्या काचा परत मागवून काय करायच्या? ग्राहक फोटो पाठवतो. तो नोंदीला जोडायचा आणि पैसे परत."

"पैसे जातात कुठं?"

"कार्डानं घेतला असेल तर आपोआप कार्डावर. घरी माल पोचल्यावर रोख दिले असतील तर ग्राहक जो फोन नंबर देईल त्यावर."

"म्हणजे ज्यानं पैसे मागितलेच नाहीत त्याचं नाव घालून ते दुसऱ्याच नंबरावर पाठवता येतात. ग्राहकाला पत्ताच नाही."

"तेच झालंय. सगळे रोखीचे, सगळे फुटलेले. दोन-तीनच नंबर आहेत, आता सगळे बंद. कुणाच्या नावावर आहेत ते पोलीस काढतील."

"काढतील. पण काढायला वेळ लागेल, आणि तोवर तिला नेऊन बसवतील. तिच्या घरी कोण असतं?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. "वडील. अंथरुणावर आहेत."

ताईनं विक्रीचं खातं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"तू अजून परतावा विक्रीतूनच वजा करतोस?"

"शेवटी आकडा तोच येतो ना!"

"येतो. पण वाटेत किती सांडलं ते दिसत नाही. विक्री पुरी लिहायची, आणि परतावा खाली वेगळ्या खात्यात. मी तुला घसा कोरडा करून सांगितलं होतं. तसं केलं असतंस तर ते खातं महिन्या-महिन्याला फुगताना दिसलं असतं. आता काय दिसतं? विक्री जरा बेताची झाली, एवढंच."

"मला ते खातं बघवत नाही, ताई." भावाचा आवाज खाली आला. "लोक माझा माल परत करतात हे रोज कशाला वाचायचं?"

ताईला त्याची कीवही आली आणि रागही. लहानपणी नापास झाल्यावर प्रगतिपुस्तक गादीखाली लपवणारा हाच. क्षणभर तिच्या मनात पाल चुकचुकली. परताव्याचं खातं नको असा हट्ट धरणारा एकटा तोच होता. स्वतःच्याच दुकानातून काढून घेतले असतील तर? पण मग तिला कशाला बोलावलं असतं?

तिनं तो विचार बाजूला ठेवला, टाकून मात्र दिला नाही.

*

"रडून झालं असेल तर बोलू," ताई म्हणाली.

चिमणीनं नाक पुसलं. "मी नाही केलं, ताई."

"नोंदी तुझ्या नावानं झाल्यात."

"मशीनवर माझं नाव असतं. पासवर्ड लांबलचक आहे, म्हणून मी दिवसभर बंदच करत नाही."

"जेवायला जातेस तेव्हा?"

"तेव्हाही चालूच असतं. मी घरी जाते, बाबांना भरवायला. पण जागा रिकामी नसते ना. भाऊजी असतात शेजारी, कुणी हात लावेल म्हणून भीती नसते. मुकादम येतात पाठवणीच्या चिठ्ठ्या ठेवायला, पण ते माणूस तर..." ती थांबली. आपण दुसऱ्याला बुडवतोय असं तिला वाटलं असावं.

ताईनं मशीन स्वतःकडे वळवलं. प्रत्येक नोंदीची वेळ मशीन लिहून ठेवतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. खोटे परतावे एकूण एक जेवणाच्या सुट्टीतले होते.

"मध्ये जवळजवळ महिनाभर एकही दिवा फुटलेला नाही. का?"

चिमणीनं आठवून पाहिलं. "तेव्हा मला जेवायला घरी जाताच यायचं नाही. भाऊजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मग फोनही माझ्याकडेच. शेजारच्या काकू बाबांना भरवायच्या."

"म्हणजे तुझी खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून दिवे फुटले नाहीत."

"हो ना!" चिमणीचा चेहरा जरा उजळला. "मी असताना होतच नाही ते!"

आतून भाऊ बाहेर आला. तो दाराआड ऐकत होता. "मग मुकादमाला हाताशी धरलं असेल. ती घरी, तो इथं. गेल्या वर्षी पगारवाढ नाकारल्यापासून त्याचं तोंड वाकडंच आहे."

"तू आत जा," ताई म्हणाली. तो गेला.

भाऊजींनी फोन ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "धाकट्याला समजाव. आता कुणी केलं ते उकरून काय मिळणार? पुढे लक्ष ठेवा, झालं."

"तुम्ही जेवायच्या सुट्टीत इथंच असता. कुणाला तिच्या मशीनवर पाहिलंत?"

"मी डबा खातो आणि जरा डोळे मिटतो. माझ्या डोळ्यांना दिसतंय किती, तुला माहीतच आहे."

ताईनं मान हलवली. फोटोंच्या छापील प्रती पिशवीत घालून ती जिना उतरली आणि वळसा घालून मागच्या गल्लीत गेली.

*

मुकादम खोकी बांधत होता. एकटाच होता आणि दहा जणांवर ओरडत असल्यासारखा स्वतःशी बोलत होता. म्हणूनच त्याचं नाव मुकादम.

"चोर सापडला का?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तुम्हीच आहात, असं मालक म्हणतात."

"मालकांचं डोकं फिरलंय. मला चोरी करायची तर दिवे न्यायला नकोत का? सरळ उचलून न्यावेत. हे पैसे-फोन-फोटो कोण करत बसतं!"

"वर जाता ना रोज?"

"चिठ्ठ्या टाकतो आणि येतो. तिथं उभं राहवत नाही. भाऊजी घोरत असतात." त्यानं चिकटपट्टी दातानं तोडली. "कधी कधी नसतातही घोरत. कुणाशी तरी फोनवर असतात, चिमणीच्या खुर्चीत बसून. तिच्या फोनला तार लांब आहे म्हणे."

ताई एका रिकाम्या पेटीवर बसली. गुडघ्यांनी तेवढ्यापुरते आभार मानले. तिनं फोटो पुढे केले.

"हे बघा. फुटलेल्या दिव्यांचे."

मुकादमानं हात पुसले आणि पहिला फोटो घेतला. मग दुसरा, मग तिसरा. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे कधीचे?"

"वर्षभरातले. तो सगळ्यात वरचा गेल्या महिन्यातला."

"शक्यच नाही."

"का?"

त्यानं उत्तर न देता बांधायला घेतलेलं खोकं उघडून दाखवलं. आत पुठ्ठ्याचा साचा होता, दिवा त्यात घट्ट बसलेला. मग फोटोवर बोट ठेवलं. फोटोतला फुटका दिवा गुलाबी कागदाच्या चुऱ्यात पडला होता.

"हा चुरा मी केव्हाच बंद केला. उंदीर व्हायला लागले त्यात. दीड वर्ष झालं असेल. तेव्हापासून एकही दिवा चुऱ्यातून गेलेला नाही. हे फोटो ग्राहकाच्या घरचे नाहीत, ताई."

"हे वरच्यांना माहीत नाही?"

"वरचे कशाला खोकं बघतात? आणि मला कुणी फोटो दाखवतं होय?"

"उरलेला चुरा कुठं गेला?"

"कचऱ्याच्या गाडीत. बंद व्हायच्या आधी मात्र लोक मागून न्यायचे. कुणाला कुंड्या पाठवायच्या, कुणाला काय. कोण लक्षात ठेवतं?"

ताईनं फोटो परत घेतले. पहिल्यांदाच तिनं चुरा नव्हे तर काच नीट पाहिली. निरनिराळ्या ग्राहकांच्या नावावरचे, निरनिराळ्या बाजूंनी घेतलेले फोटो. पण तडा एकच होता. वरून निघून मध्येच दोन फाटे फुटून खाली गेलेला.

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पाणी देऊ?" मुकादमानं विचारलं. "चेहरा उतरलाय तुमचा."

"द्या," ती म्हणाली. पाणी पिऊन तिनं फोटो पिशवीत घातले.

*

संध्याकाळी घरी स्वयंपाक भाऊजींनी केला. ताई दमली की ते तिला ओट्याजवळ फिरकू देत नसत. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता.

जेवणं झाल्यावर ताईनं कोपऱ्यातला दिवा लावला. हातात पुस्तक होतं, पण पान उलटलं नाही.

"उद्या दुपारी त्या मुलीला पोलिसांत देणार आहेत," ती म्हणाली.

"धाकटा तापट आहे. ऐकत नाही."

"तिच्या वडिलांना भरवायचं कुणी?"

भाऊजी मांजराच्या खोक्याशी वाकून बसले होते. ते मांजराला खाजवत राहिले.

"तुम्हाला काय वाटतं? कुणी केलं असेल?"

"मला काय कळतं त्यातलं," भाऊजी म्हणाले. "झोप आता. उद्या परत जिना चढायचाय तुला."

*

दुसऱ्या दिवशी सगळे भावाच्या खोलीत जमले. भाऊ तक्रारीचा कागद लिहून तयार होता. चिमणी दाराशी उभी, मुकादम भिंतीला टेकून. भाऊजी खुर्चीत. ताईनं सोबत एक कापडी पिशवी आणली होती, ती तिनं पायाशी ठेवली.

"लवकर आटप, ताई. नाव सांग म्हणजे मी निघतो."

"लवकर नाही आटपणार. तुझ्यामुळे वर्षभर चाललंय, आता थोडा वेळ ऐकून घे." ती बसली. "ज्यानं हे केलं त्याला आपली पद्धत आतून माहीत होती. फुटका माल परत येत नाही, म्हणून मुकादमाला कळणार नाही. रोखीवाल्याच्या नावानं पैसे काढले तर ग्राहकाला कळणार नाही. आणि परतावा विक्रीतूनच वजा होतो, म्हणून मालकाला कळणार नाही. परताव्याचं खातं तुला बघवत नाही, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरातल्यांना," भाऊ म्हणाला. "म्हणजे तुला. जेवताना हसायचो आपण त्यावर."

"हं. आता वेळ. सगळ्या नोंदी जेवणाच्या सुट्टीत झाल्या. तेव्हा चिमणी घरी असते. शेजाऱ्यांना विचार, रोज वडिलांना भरवताना पाहतात. तेव्हा वर कोण असतं? तू तुझ्या खोलीत दार लावून झोपलेला. मुकादम चिठ्ठ्या टाकून जातो. आणि एक माणूस."

कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"महिनाभर दिवे फुटले नाहीत. मला आधी वाटलं, चिमणी जागेवरून उठत नव्हती म्हणून. पण ती का उठत नव्हती? शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून."

"ताई," भाऊ हळूच म्हणाला.

"फोटो बघ. सगळ्यांत गुलाबी चुरा आहे. चुरा दीड वर्षापूर्वी बंद झाला. मुकादमाला माहीत होतं, त्यानं फोटो काढले असते तर साच्यातले काढले असते. तुलाही माहीत होतं, पुठ्ठ्याच्या साच्यांचे पैसे तूच दिलेस. चुरा अजून चालू आहे असं समजणारा माणूस वर बसणारा हवा, जो कधी खाली उतरत नाही. आणि ज्याच्या घरी तो चुरा जुन्या दिवसांपासून पडून आहे."

तिनं पिशवीतून दिवा काढला, टेबलावर ठेवला, तार जोडली आणि बटण दाबलं. दुपारच्या उजेडातही तो लख्ख दिसला. टोपीवरच्या जोडरेघेला मध्येच दोन फाटे फुटले होते. शेजारी तिनं फोटो ठेवला.

"तू काल म्हणालास, फुटलेला दिवा जळतोय. खरं होतं तुझं. हा एकच दिवा खरोखर फुटला. फोटो काढून झाल्यावर त्याला जोडून माझ्या वाचायच्या टेबलावर ठेवला, आणि नोंदींत मात्र वर्षभर तोच पुन्हा पुन्हा फुटत राहिला. चुऱ्यात आमचं मांजर झोपतं."

भाऊजींनी चष्मा काढला. त्यांचे डोळे तसेही पाणवत असत, त्यामुळे काहीच कळेना.

"काल रात्री मी तुम्हाला विचारलं होतं," ताई त्यांना म्हणाली. "सांगितलं असतंत तर मीच याच्याशी बोलले असते, हा दिवा इथं आणला नसता. पण तुम्ही गप्प बसलात. ती काल इथं रडत होती आणि तुम्ही तिला स्वतःचा रुमाल दिलात."

"मी बोलणारच होतो," भाऊजी म्हणाले.

"पोलीस आल्यावर?"

भाऊजी चष्म्याच्या काचा पुसू लागले.

"पण का, भाऊजी?" भावाच्या हातातला कागद चुरगळला होता. "तुम्हाला सल्ल्याची फी येते ना?"

"कसली फी?" भाऊजी हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं. "पहिल्या वर्षी दोन कारखाने होते. मग एक, मग एकही नाही. हिला कसं सांगू? ही गुडघे धरून लोकांच्या वह्या तपासत फिरते. महिनाअखेरीस काहीतरी हातात ठेवायला नको का? माझ्या आईचा जुना फोन होता कपाटात. ती गेल्यावरही तिच्या नावावरचे नंबर तसेच चालू होते."

"अहो, मी तुम्हाला पगार देत होतो!" भाऊ ओरडला. "पहिल्या दिवसापासून देत होतो! तुम्ही हात जोडलेत!"

"मेहुण्याच्या हातून पगार घ्यायचा?" भाऊजी अगदी साधेपणानं म्हणाले. हे इतकं उघड आहे आणि इतरांना कसं कळत नाही, असंच त्यांना वाटत होतं.

ताईला हसावं की रडावं ते कळेना. सरळ हातानं जे मिळत होतं तेवढंच या माणसानं वाकड्या वाटेनं, धडधडत्या छातीनं, वर्षभर नेलं. मागायची लाज वाटली, न्यायची वाटली नाही.

भावानं तक्रारीचा कागद उचलला आणि बहिणीकडे पाहिलं. "याचं काय करू, ताई?"

"ते तू ठरव. मी अडवणार नाही, अन् भीकही मागणार नाही. पण त्याआधी तिची माफी माग. आत्ता, सगळ्यांदेखत."

भावानं माफी मागितली. नीट मागितली, उभं राहून. चिमणीनं नुसती मान हलवली. घड्याळाकडे बघून ती म्हणाली, "मी जाऊ? बाबांची वेळ झाली."

"जाऊन ये," ताई म्हणाली. "मग काम आहे आपल्याला."

*

चिमणी परतली तेव्हा भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसले होते, कुणी बस म्हटलं नव्हतं आणि जा म्हटलं नव्हतं. ती त्यांना ओलांडून वर आली. रुमाल तिनं त्यांच्या शेजारी ठेवला होता.

ताईनं तिच्या शेजारी खुर्ची ओढली. दोघींनी परताव्याचं वेगळं खातं उघडलं. खरे परतावे त्यात नेऊन बसवले. मग खोटे एकेक करून बाहेर काढले. ते परतावे नव्हतेच. दुकानाचं ते कुणाकडून तरी येणं होतं.

"येण्यापुढे कुणाचं नाव घालू?" चिमणीनं विचारलं. तिचा आवाज आणखीच बारीक झाला होता. "त्यांचं?"

"दोघांचं घाल. त्यांचं आणि माझं."

"तुमचं कशाला, ताई? तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"मी दुसऱ्यांच्या घरातली एकेक फी तपासते. माझ्या घरात येत होती ती कुठल्या कारखान्याची, हे एकदाही विचारलं नाही. आणि खाल्लं तर दोघांनी. वाणसामान त्यातलंच, विजेचं बिल त्यातलंच." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "गेल्या महिन्यात फी आली तेव्हा मला गरम पाण्याची पिशवी आणली होती त्यांनी."

चिमणीनं दोन नावं लिहिली.

संध्याकाळी ताई जिना उतरली. भाऊजी उठून उभे राहिले आणि रोजच्यासारखा तिच्या हातातल्या पिशवीकडे हात केला. पिशवीत तो दिवा होता. ताईनं ती सोडली नाही, पण दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा धरला, कारण शेवटच्या पायरीवर गुडघा वळत नव्हता.

"उद्यापासून पगारावर या," ती म्हणाली. "धाकटा ठेवणार असेल तर. तो सगळा कापला जाईल."

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर दुसरीकडे. सांगून."

घरी पोचल्यावर तिनं मांजराच्या खोक्यातला चुरा काढून टाकला आणि आपली जुनी साडी घडी करून तिथं घातली. मांजर दोनदा वास घेऊन त्यावर झोपलं. गरम पाण्याची पिशवी खुंटीला होती. त्या दिवशी ताईनं गुडघे शेकले नाहीत.